काढून टाकलेला खांब

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त चहा पिता पिता वाचले आणि हसले. घाटात बंद पडलेली बाईक, पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक... प्रत्येकाला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारायचे — पुरावा? आज माझी पाळी आहे आणि माझ्याकडे दाखवायला एक लेझर मीटर, थोडी आकडेमोड आणि एक कोरी जागा आहे. हसायचं तर हसा. मीही हसलेच असते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. छावणीत राहते, पप्पांबरोबर. आमच्या बैठकीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. ज्या घरात देवालाच जागा नाही तिथं भूत कुठून उतरणार? पप्पाही इंजिनिअर, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. लहानपणी मी काहीही सांगायला गेले की ते विचारायचे, "मोजलंस का?" शेजारच्या मुलीला जास्त खाऊ मिळाला, हे रडत सांगायला गेले तरी तेच. त्यामुळे माझा स्वभाव हा असा तिरसट झाला.

तर, औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडे निघालात की जुन्या दुकानांची ओळ लागते. त्यातली एक इमारत. नाव सांगत नाही, लोकांचा धंदा आहे. खाली काळ्या दगडाचं काम, वर वीट आणि चुना, रस्त्यावर झुकलेली लाकडी गॅलरी, आणि दरवाजावर महिरप. तिच्यातली चुन्याची फुलं आता निम्मीच उरली आहेत, उरलेल्यांवर वायरींची जाळी आणि मोबाइल रिचार्जचा बोर्ड. निजामाच्या काळातली इमारत. आत एकच मोठा हॉल आणि त्याच्या छताखालून आडवी गेलेली, एका माणसाच्या कवेत न मावणारी सागवानी तुळई. खाली कापडाचं दुकान, वर गोडाऊन — थानांवर थानं, कापडाचे तागेच तागे, छतापर्यंत.

दुकान रशीदचाचांचं. वय ऐंशीच्या घरात, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. व्यवहार आता मुलगा इम्रान बघतो. त्या ओळीतल्या सगळ्या जुन्या इमारतींना नोटीस आली होती. इमारत धोकादायक नाही असं इंजिनिअरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर रिकामी करा. रमजान तोंडावर आलेला. कापडवाल्याचं वर्ष त्या एका महिन्यावर चालतं. म्हणून इम्रान घाईघाईनं माझ्याकडे आला होता.

पहिल्या दिवशी दुपारी गेले. बायकांची ही गर्दी. मी कोपऱ्यात उभी राहून स्केच काढत होते, आणि मला एक गंमत दिसली. दुकानाच्या ऐन मध्यावर येताना प्रत्येक माणूस किंचित वळत होता. खांद्यावर थान घेतलेल्या शोभाताई — करमाडहून रोज येणाऱ्या, दुकानातल्या सगळ्यात जुन्या सेल्सवुमन — त्या वळल्या. मोबाइलमध्ये डोकं घातलेली कॉलेजची मुलगी वळली. एक बाई मागे बघून नवऱ्यावर ओरडत उलटी चालत होती, तीसुद्धा वळली! तिथं काहीही नव्हतं. मोकळी फरशी.

"ताई, इथली फरशी हलते का?" मी शोभाताईंना विचारलं.

"नाय ओ."

"मग तुम्ही सगळे वळून का जाता?"

"कुठं वळून जातो?" असं म्हणत त्या तिथूनच वळसा घालून गेल्या.

मी खाली वाकून बघितलं. शहाबादी फरशी पायांनी घासून सगळीकडे गुळगुळीत झालेली, आणि मध्ये एक चौकोन जवळपास कोरा. त्यावर पाऊलच पडलेलं नसावं असा.

"उधर खंबा है बेटी," मागून चाचा म्हणाले.

"है?"

ते ओशाळून हसले. "था. आदत से बोल गया."

मग त्यांनी सांगितलं. तुळईखाली मध्यावर सागाचा एक खांब होता. त्यावर त्यांच्या आजोबांनी पितळी खिळे ठोकून गज आखला होता. त्या काळी बाजारात कुणाचा गज आखूड, कुणाचा लांब. पण या दुकानात कापड खांबाला लावून मोजायचे, सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर. मीटर आले तेव्हा चाचांच्या वडिलांनी आणखी एक खिळा ठोकला. पुढे दुकान दरवाजातून मोकळं दिसावं म्हणून त्यांनीच खांब काढून टाकला. ओळखीच्या मिस्त्रीनं सांगितलं, तुळई भक्कम आहे, पेलेल. चाचा तेव्हा ऐन विशीत होते.

"हाथ को मगर खंबाच मालूम," ते म्हणाले.

याचा अर्थ मला लगेच दिसला. एका आजीबाईंनी "चाचांच्या हाताचंच" म्हणून अडीच मीटर पॉपलिन मागितलं. चाचा उठले, त्या कोऱ्या चौकोनाच्या कडेला जाऊन उभे राहिले, आणि कापडाचं एक टोक गुडघ्याजवळ, दुसरं खांद्याजवळ असं हवेत धरून मोजू लागले. काउंटरवर लोखंडी मीटर पडलेला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. जुनी गिऱ्हाइकं असंच मागतात म्हणे, आणि आजवर सूतभर फरक पडलेला नाही. मला कौतुक वाटलं. हाताची सवय, बस.

मग मी मापं घ्यायला लागले. मागच्या भिंतीला मीटर टेकवला, समोर दरवाजाच्या चौकटीवर लेझरचा लाल ठिपका पडलेला मला स्वच्छ दिसत होता. बटण दाबलं. आकडा आला निम्मा! कुणीतरी मध्ये आलं असेल म्हणून पुन्हा दाबलं. निम्मा. काच पुसली, सेल बदलले. ठिपका चौकटीवर, आकडा हॉलच्या मध्यापर्यंतचा. मग बाकीच्या तिन्ही बाजूंनी घेतलं. तेच. दोन हात सरकून मापलं की आकडा बरोबर यायचा. त्या चौकोनाच्या रेषेत आलं की पुन्हा तुटका.

घरी येऊन ड्रॉइंग काढायला बसले. चारही बाजूंची ती तुटकी मापं कागदावर मांडली आणि मध्ये एक चौकोन तयार झाला. फूटभराचा, अगदी काटकोनात. प्लॅनमध्ये खांब दाखवतात तसा. मी तो काळा भरूनही टाकला होता, हात सवयीनं चालतो ना! मग भानावर आले आणि खोडला.

त्यानंतर आकडेमोड केली, आणि खरी झोप उडाली ती तिथं. मधल्या आधाराशिवाय ती तुळई वरच्या गोडाऊनचं वजन पेलू शकतच नाही. थोड्याथोडक्या फरकानं नाही... ती कधीच खाली यायला हवी होती. आणि मी तर त्याच दुपारी वर जाऊन पाण्याच्या नळीनं लेव्हल तपासली होती. तुळई सरळ होती. बोटभरही झोळ नाही.

पुढचे काही दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. सही करावी तर कशाच्या भरवशावर? आणि नाही म्हणावं तर इमारत डोळ्यांसमोर ताठ उभी. कारण तरी काय लिहू? भाजी फोडणीला टाकायची आणि गॅस तसाच ठेवून पुन्हा आकडे बघायला जायचं, असं चाललं होतं. शेवटी पप्पांनीच विचारलं, "काय मोजायचं राहिलंय?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मीटर खराब असेल. चल, मी येतो."

पप्पांना घेऊन गेले तोवर ईदचा माल आला होता. टेम्पो रस्त्यात लावून हमाल थानं वर चढवत होते आणि मागून हॉर्नचा नुसता कल्ला चाललेला. पप्पा आत शिरले, छताकडे बघत बघत हॉलच्या मध्यापर्यंत गेले आणि... वळले.

"पप्पा, तुम्ही वळलात."

"कुठं?"

मी फरशीवरचा चौकोन दाखवला. "यावर उभे राहा बरं."

"त्यात काय!" ते तरातरा निघाले आणि चौकोनाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे, मग पायांकडे बघितलं. पुन्हा प्रयत्न केला. ढकलल्यासारखं, अडवल्यासारखं काही वाटत नाही हो, मीही करून बघितलं. हात घातला तर हाताला काही लागत नाही. फक्त पाय तिथं पडत नाहीत. पप्पांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. चष्मा काढून पुसत बसले.

तेवढ्यात काउंटरवर आवाज चढला. एक बाई कापडाची पिशवी आपटून म्हणत होती, "आमच्या टेलरनं परत पाठवलं. कमी आहे म्हणे कापड. चाचांनीच मोजलं होतं ना?"

इम्राननं लोखंडी मीटरनं मोजून बघितलं. खरंच कमी होतं. त्यानं माफी मागून नवीन कापड फाडून दिलं, आणि बाई गेल्यावर हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "अब्बा, ये हफ्ते में तीसरी शिकायत है. आपके हाथ अब नहीं चलते. कल से आप घर पे आराम करो."

चाचा आपले दोन्ही हात समोर धरून बघत राहिले. कानावरची पेन्सिल काढली आणि काउंटरवर ठेवली. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या मापात होतं.

"म्हातारपण ओ, आणखी काय," शोभाताई पुटपुटल्या. "नायतर चाचाचं माप कधी चुकलं नव्हतं."

"कधी नव्हतं?" मी विचारलं. "मग कधीपासून चुकतंय?"

"झाले की चार-सा दिवस. ईदचा माल यायला लागला तवापासून."

मी चाचांना म्हटलं, "चाचा, माझ्यासाठी एक मीटर मोजा." ते नको म्हणत होते. मी हट्टच धरला. ते चौकोनाशी उभे राहिले, कापड धरलं. मी टेप लावला. बोटभर कमी. पुन्हा मोजायला लावलं. बोटभरच. हात थरथरत असते तर माप दर वेळी वेगळं आलं असतं की नाही? हे दर वेळी तेवढंच आखूड होतं.

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायलाही मला संकोच वाटतोय. वरचं वजन वाढलं की खांब दाबला जातो. दबलेला खांब आखडतो. आणि खांब आखडला की त्याच्यावरचे खिळे एकमेकांच्या जवळ येतात.

मी पळतच वर गेले. नव्या थानांच्या राशींमधून नळी ओढली, लेव्हल घेतली. मागच्या खेपेला सरळ असलेली तुळई मध्यावर तीन बोटं खाली आली होती. खालच्या हॉलची उंची आहे तीन मीटर आणि थोडी. मीटरमागे एक बोट, तीन मीटरला तीन बोटं! खरा लाकडी खांब एवढा आखडायच्या आधी फुटून गेला असता, हे मला माहीत आहे. तरी हिशेब जुळत होता.

मी खाली येऊन पप्पांना सांगितलं. मला वाटलं, ते आता मीटरबद्दल काहीतरी म्हणतील. ते उठून उभे राहिले. "आधी टेकू दे. कारण नंतर शोध."

इम्रान ऐकेना. "मॅडम, आज दुकान बंद करू? आज? इतकी वर्षं उभी आहे बिल्डिंग. तुम्ही सही द्या, ईद झाली की म्हणाल ते करतो."

"इम्रानभाई, तुमची तुळई तीन बोटं उतरलीय. वर चला, दाखवते." मी त्याला अक्षरशः हाताला धरून वर नेलं. पाण्याची नळी बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला. खांबाबद्दल मी चकार शब्द काढला नाही, तुळईबद्दलच बोलले. खाली आल्यावर त्यानं स्वतः गिऱ्हाइकांना बाहेर काढलं.

पप्पांनी ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. स्लॅबखाली लावतात ते लोखंडी जॅक तो टेम्पोत घालून पाठवत होता. तोवर शोभाताई आणि बाकीचे मागच्या जिन्यानं मिळेल तेवढी थानं खाली काढत होते. मी सगळ्यांना तुळईखालून लांब राहायला सांगत होते आणि स्वतः मात्र एका जागी उभी राहू शकत नव्हते. दरवाजात जाऊन टेम्पो दिसतो का बघायचं, परत यायचं, वर बघायचं. तुळईतून करकर असा बारीक आवाज यायला लागला होता.

आणि मग माझ्या लक्षात आलं, चाचा बाहेर गेलेच नाहीत.

ते त्या चौकोनाशी उभे होते. एक हात खांद्याच्या उंचीवर, हवेत टेकवलेला. माणूस भिंतीला टेकून उभा राहतो ना, तसे थोडे पुढे झुकलेले. हळूहळू बोलत होते, "बस, थोडा और. लोग आ रै. थोडा और..."

"चाचा, बाहेर चला! वरून पडेल!"

"नक्को बेटी."

"अब्बा!" इम्रान ओरडला.

चाचांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "इत्ते साल से ये बिना बोले खडा है," ते म्हणाले. "मैं दस मिनट नहीं खडा रह सकता?"

मी त्यांचा दंड धरून ओढलं, पण ते हलेनात. खरं सांगू? मग मीही तिथंच उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. इंजिनिअर म्हणून तो शुद्ध मूर्खपणा होता आणि पप्पा दरवाजातून माझ्या नावानं ओरडत होते.

टेम्पो आला. कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांनी भराभर जॅक आत आणले. चौकोनावर एकही उभा राहीना. दोन-तीनदा ठेवला तरी प्रत्येक वेळी बाजूलाच. "मॅडम, इथं काय उतार आहे का?" त्यातला एक वैतागून म्हणाला. मी म्हटलं, मधली जागा सोडा, दोन्ही बाजूंना लावा. ते मात्र बरोबर बसले. पोरं आटे फिरवायला लागली. तुळई एकदा मोठ्यानं कुरकुरली, जुन्या चुन्याची पूड आमच्या डोक्यावर पडली, आणि लोखंडानं वजन घेतलं. हळूहळू, आट्याआट्यानं, तुळई वर गेली.

चाचांचा हात हवेत टेकवलेलाच होता. मी त्या हाताकडे बघत होते. तुळई जसजशी वर जात होती तसतसा तो हातही वर सरकत होता. त्यांनी तो उचलला नव्हता. खांदा जागचा हलला नव्हता, टेकवलेला पंजाच वर नेला जात होता. मग तो थांबला. चाचांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अब ठीक है," एवढंच म्हणाले.

आता त्या जॅकच्या जागी, चौकोनाच्या दोन्ही बाजूंना, पायापासून उभे केलेले दोन पक्के लोखंडी खांब आहेत. त्या दोन खांबांच्या जिवावर मी सर्टिफिकेटवर सही केली, आणि ती सही पूर्ण हिशेबानं केली. ड्रॉइंगमध्ये मधली जागा कोरी ठेवलीय. लेझर मीटर मी दुसऱ्या तीन इमारतींत वापरला, एका सूताचाही फरक आला नाही. या दुकानात मात्र त्या रेषेत अजूनही निम्मा आकडा येतो. मी पप्पांना म्हटलं, मीटर खराब आहे असं तुम्ही म्हणाला होतात. ते बराच वेळ पेपर वाचत असल्याचं नाटक करत राहिले. मग म्हणाले, "मीटर बरोबर आहे. आपल्यालाच वाचता येत नाही." हे त्यांच्या तोंडून ऐकून मला जास्त अस्वस्थ वाटलं. अजून वाटतं. जुन्या इमारतीत पाय ठेवला की आधी माणसं कुठून वळतायत ते बघते.

ईदच्या दोन दिवस आधी ड्रेसचं कापड घ्यायला गेले होते. पाय ठेवायला जागा नव्हती. चाचा आपल्या नेहमीच्या जागेवर, कानावर पेन्सिल. मी कापड निवडलं आणि म्हटलं, चाचांच्या हाताचं हवं. त्यांनी हवेत मोजलं. मी पर्समधला टेप काढला, स्वभावाला औषध नाही. बरोबर भरलं.

इम्रान काउंटरवरून हे बघत होता. गिऱ्हाइकांना थांबायला सांगून तो उठला, कात्री घेऊन आला, मधल्या जागेला वळसा घातला आणि अब्बांच्या हातात दिली.